जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३००, इकोस्पोर्ट या वर्गातली वापरलेली गाडी महाराष्ट्रात घ्यायची असेल, तर त्यावर हमखास येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गाडीच्या दिव्यांवर आणि अलॉय व्हीलवर कमी वेळ घालवा, तिच्या इतिहासावर जास्त, हे माझं मत जवळपास प्रत्येक उत्तरात डोकावेल.

कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणजे नेमकं काय? ती फोर बाय फोर असते का?

नाही. लांबी चार मीटरच्या आत, उंची आणि ग्राउंड क्लिअरन्स हॅचबॅकपेक्षा जास्त, आणि जोर पुढच्या दोन चाकांना, अशी ही गाडी. छोट्या गाड्यांना करात सवलत मिळते म्हणून कंपन्यांनी चार मीटरची मर्यादा पाळली. ब्रेझाची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे ती त्यामुळेच. सांगाडा कारसारखा एकसंध असतो, बोलेरोसारखी खाली वेगळी चेसिस नसते. शेताचा कच्चा रस्ता आणि गावाकडचे खड्डे ती आरामात काढते. चिखलात रुतली तर मात्र ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

तेवढ्याच पैशात नवी हॅचबॅक येते. मग जुनी का घ्यावी?

महिन्यातून एकदा गावी जायचं असेल, घरात गुडघे दुखणारी माणसं असतील, रस्ता खराब असेल, तर जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्या. उंच सीटवर आई-वडिलांना वाकावं लागत नाही, हे कारण मला सनरूफपेक्षा मोठं वाटतं. गाडी फक्त स्टेशन ते घर आणि घर ते मंडई अशीच फिरणार असेल तर नवी हॅचबॅक घ्या आणि वॉरंटीत निवांत राहा.

किंमत बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

विकणारा त्याने घेतलेल्या किमतीपासून मोजतो. तुम्ही आजच्या नव्या गाडीच्या ऑनरोड किमतीपासून मोजा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या चार मीटरच्या आतल्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. पूर्वी २८ टक्के आणि वर उपकर लागायचा. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरणारच, पण बरेच मालक अजून जुनाच आकडा मनात धरून बसलेले असतात. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं असल्यामुळे ती या १८ टक्क्यांत बसत नाही, म्हणून तिची तुलना नेक्सॉन किंवा व्हेन्यूशी सरसकट करू नका.

दुसरी गोष्ट, ‘२०२० चं पासिंग’ (आरटीओतली नोंदणी) म्हणजे गाडी २०२० ची असेलच असं नाही. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. डिसेंबर २०१९ मध्ये बनलेली आणि मार्च २०२० मध्ये पासिंग झालेली गाडी भावाच्या हिशेबात २०१९ चीच.

कोणतं मॉडेल घ्यावं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाचा प्रश्न. नीट वापरलेली दुसऱ्या पसंतीची गाडी ही रगडलेल्या पहिल्या पसंतीच्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. तरी थोडक्यात सांगतो.

विटारा ब्रेझा मार्च २०१६ मध्ये आली ती फक्त डिझेलमध्ये, १२४८ सीसीच्या इंजिनासह. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष) लागू झालं तेव्हा हे डिझेल बंद झालं आणि दीड लिटरचं पेट्रोल आलं. दोन्ही इंजिनं जवळपास कोणत्याही गावातला मेकॅनिक ओळखतो, सुटे भाग तालुक्याला मिळतात. त्यामुळे भाव चढा असतो आणि घासाघीस फार होत नाही.

नेक्सॉन सप्टेंबर २०१७ ची. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय बनावटीची गाडी. एक्सयूव्ही ३०० ला जानेवारी २०२० मध्ये पाच तारे मिळाले, विटारा ब्रेझाला २०१८ मध्ये चार. या चाचण्या जुन्या निकषांवरच्या आहेत, आजच्या ताऱ्यांशी थेट तुलना करू नका. पण हायवेवर जास्त फिरणाऱ्याला मी नेक्सॉन किंवा एक्सयूव्ही ३०० च सुचवतो. एक्सयूव्ही ३०० ची डिकी लहान आहे. चौघांच्या बॅगा घेऊन लग्नाला निघालात की कळेल.

व्हेन्यू २०१९ ची आणि सोनेट २०२० ची. आतून दोन्ही नीटनेटक्या, शहरात चालवायला हलक्या. मागच्या सीटवर तिघं मोठी माणसं कोंबून बसतात.

इकोस्पोर्ट २०१३ पासूनची. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि जुन्या गाड्यांचे भाव बसले. सर्व्हिस आणि भाग अजून मिळतात. चालवायला मजा येते, डिझेल इंजिन दमदार आहे. पण जवळचं सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर असेल तर स्वस्त भावाला भुलू नका.

पेट्रोल की डिझेल?

रोज साठ-सत्तर किलोमीटर आणि तेही मोकळ्या रस्त्यावर असेल तरच डिझेल. बीएस ६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग आणि वेगात चालावी लागते. ठाणे-घोडबंदर किंवा हिंजवडीच्या गर्दीत रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी डिझेल गाडी हा फिल्टर तुंबवते, आणि तो बदलायचा खर्च ऐकून घाम फुटतो. शहरातली, कमी चाललेली बीएस ६ डिझेल गाडी कागदावर आकर्षक दिसते. मी तिच्याकडे संशयानेच बघतो.

टर्बो पेट्रोलला जोर छान असतो, पण इंजिन ऑइल वेळेवर बदललेलं असणं तिथे फारच महत्त्वाचं. सर्व्हिसची बिलं नसतील तर साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल बरं.

ऑटोमॅटिक घ्यावी का?

घ्यावी, पण आधी कोणती ते विचारा. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच यंत्र दाबतं. झटके जाणवतात, दुरुस्ती त्यातल्या त्यात स्वस्त. टॉर्क कन्व्हर्टर सर्वांत शांत आणि टिकाऊ, थोडं इंधन जास्त खातो. ड्युअल क्लच, जसा व्हेन्यू टर्बोमध्ये आहे, झटपट असतो. पण त्याचे कोरडे क्लच घाटातल्या रांगेत तापतात. असा गिअरबॉक्स असलेली गाडी चढावर थांबवून हळू पुढे घ्या. थरथर जाणवली तर क्लचचा खर्च भावातून वजा करा.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट चालेल का?

आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजी लिहिलेलं असेल तरच. नसेल तर किट बेकायदा आहे आणि अपघातात विमा कंपनी हात वर करेल. टाकीची हायड्रो टेस्ट (टाकी दाब सहन करते का याची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा.

जुन्या गाडीला ई२० पेट्रोल चालतं का?

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तयार आहेत. त्याआधीच्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काय लिहिलंय ते बघा. ॲव्हरेज थोडं घटणार हे गृहीत धरा. जुनी गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर इंधनाचे रबरी पाइप आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्या.

मीटर मागे फिरवलंय हे कसं कळतं?

डिजिटल मीटर मागे करणं हा लॅपटॉपचा खेळ आहे, त्यामुळे मीटरवर विश्वास ठेवू नका, बाकीच्या साक्षी काढा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं रनिंग निघतं. मालकाला सोबत घेऊन जा किंवा त्याच्याच फोनवरच्या कंपनीच्या ॲपमध्ये बघा. शेवटची सर्व्हिस ‘बाहेर केली’ असं उत्तर आलं की तिथपासून पुढचा काळ अंधारात आहे असं समजा.

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. ३५१९ म्हणजे २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. २०१९ ची गाडी, मीटर २८ हजार, आणि चारही टायर २०२३ चे? पहिले टायर कुठे गेले ते विचारा. स्टेपनीचा आकडाही बघा, ती सहसा मूळचीच असते. झिजून गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग, ब्रेक पेडलचं खाल्लेलं रबर आणि ड्रायव्हर सीटची दबलेली कड कमी मीटरशी जुळत नाहीत.

अपघातातली गाडी कशी ओळखायची?

थोडं टचिंग असणं हा गुन्हा नाही. पुण्या-मुंबईत बंपर न घासलेली गाडी शोधायला गेलात तर म्हातारे व्हाल. सांगाड्याला मार लागलाय का हे महत्त्वाचं. बॉनेट, फेंडर आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट बघा. पान्याने रंग उडाला असेल तर तो भाग निघालेला आहे. बॉनेटखाली दोन्ही बाजूंना ॲप्रनचे पत्रे असतात, त्यांवरचे कंपनीचे गोल वेल्डिंगचे ठिपके दोन्हीकडे सारखे दिसले पाहिजेत. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, मागून ठोकलेली गाडी तिथे पकडली जाते. सगळ्या काचांवर बनावटीचं साल असतं. एकच काच वेगळ्या सालाची असेल तर कारण विचारा.

एअरबॅगचा दिवा विसरू नका. चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. अजिबात लागतच नसेल तर ते जास्त वाईट. उघडलेल्या एअरबॅगा परत न बसवता दिव्याची जोडणीच काढून टाकण्याचा प्रकार बाजारात चालतो. सीट बेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवर तारीख असते, तीही गाडीच्या सालाशी जुळवून बघा.

पुरात बुडालेली गाडी?

या प्रश्नावर थांबायलाच हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पाणी शिरलं तेव्हा गाड्या छतापर्यंत बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी तिला पूर्ण नुकसान धरते आणि सांगाडा भंगाराच्या लिलावात जातो. तो घेणारा प्रत्येकजण गाडी मोडीतच काढतो असं नाही. धुऊन, पुसून, नवी सीट कव्हरं घालून ती दोन जिल्हे पलीकडे विकायला उभी राहते. म्हणून एमएच ०८, ०९ किंवा १० ची (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगलीची) गाडी टाळा असं मी म्हणणार नाही, ते तिथल्या प्रामाणिक मालकांवर अन्यायाचं आहे. उलट पुरातली गाडी तिथे विकली जात नाही, कारण तिथले लोक बरोबर ओळखतात.

अत्तराचा भडिमार असेल तर सावध व्हा. एसी बंद ठेवून काचा वर करून पाच मिनिटं बसा, मग पंखा पूर्ण वेगात सोडा. कुबट वास आलाच तर तिथे येईल. ड्रायव्हर सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का ते टॉर्च लावून बघा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटचा हात-दीड हात कोणी धूत नाही, तिथे गाळाची रेघ राहते. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये बारीक पिवळट माती सापडते. हेडलाइटच्या आत वाफेचा डाग असतो. सनरूफच्या गाडीत छताचं कापड ओलसर किंवा डागाळलेलं असेल तर मात्र पूरच असेल असं नाही. पाणी जायच्या बारीक नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पावसाळ्यात असंच होतं, आणि ते दुरुस्त होतं.

सर्वांत पक्का पुरावा विम्याचा. मालकाला मागच्या तीन-चार वर्षांच्या पॉलिसी मागा. प्रत्येक वर्षी नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) वाढत गेला असेल तर ठीक. एखाद्या वर्षी तो शून्यावर आला असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा.

टेस्ट ड्राइव्हला काय बघायचं?

मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिनच खरं बोलतं. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना डिपस्टिक वर काढा किंवा ऑइलचं झाकण सैल करा; तिथून धूर फुसफुसत येत असेल तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते, म्हणजे इंजिनचं काम जवळ आलंय. मग खराब रस्त्यावर रेडिओ बंद करून वीस-तीसच्या वेगाने न्या. पुढून टकटक आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश गेलेत, हा खर्च मोठा नाही, फक्त भावात धरा. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबा; इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी पुढे सरकली नाही तर क्लच प्लेट संपलीय. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं का, ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढतं का, तेही बघा.

मेकॅनिक मात्र तुमचा असावा. विकणाऱ्याने सुचवलेला नको.

कागदपत्रं कोणत्या क्रमाने तपासू?

गाडी बघायला जाण्याआधीच नंबर मागा आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाका. कितवा मालक, इंधन, विमा, पीयूसी, बँकेचा बोजा हे तिथे कळतं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर दंड किती थकलाय ते बघा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कॅमेरे लागल्यापासून चलनांची यादी लांबलेली असते, आणि काही चलनं उशिरा येतात. ताब्याच्या तारखेपर्यंतची सगळी चलनं विकणाऱ्याची, असं लिहून घ्या आणि ताबा दिल्याची वेळसुद्धा लिहा.

समोर गेल्यावर आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः पडताळा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागलीय का बघा. गाडी आधी भाड्याच्या परवान्यावर होती आणि नंतर पांढऱ्या प्लेटवर आली का, हेही विचारा; गोव्यातल्या पर्यटकांना भाड्याने दिलेल्या गाड्यांचं आयुष्य कसं गेलं असेल ते सांगायला नको.

गाडीवर लोन आहे. घ्यावी का?

घेता येते, पण ‘तुम्ही पैसे द्या, मी लोन भरतो’ हा मार्ग नको. उरलेली रक्कम थेट बँकेच्या लोन खात्यात भरा, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्यावरच बाकीचे पैसे मालकाला.

ट्रान्सफर नंतर केलं तर चालतं का?

नाही. आणि हे विकणाऱ्यानेही वाचावं. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, ज्याला एजंट लोक टीटी सेट म्हणतात. कोऱ्या टीटी सेटवर सह्या करून गाडी देणारे लोक आजही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की गाडी चार हात फिरली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. तुम्ही ज्याला पाहिलंही नाही अशा माणसाने केलेल्या अपघाताची नोटीस तुमच्या दारात येऊ शकते.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर बदलत नाही. एमएच १५ ची गाडी पुण्यात आली तरी एमएच १५ च राहते.

विमा आपोआप माझ्या नावावर होतो का?

थर्ड पार्टीचा भाग गाडीसोबत येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी मात्र १४ दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणारा तो आपल्या पुढच्या गाडीला नेतो आणि तुम्हाला फरक भरावा लागतो. तो फरक व्यवहाराच्या वेळीच हिशेबात धरा. फास्टॅगसुद्धा विकणाऱ्याने बंद केल्याशिवाय तुम्हाला नवा मिळायला अडचण येते.

दिल्लीची किंवा गोव्याची गाडी स्वस्त मिळतेय.

स्वस्त दिसतेय. परराज्यातली गाडी आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रस्ता कर, नवा एमएच नंबर आणि फेऱ्या, असं सगळं येतं. आधी भरलेला कर तिकडून परत मिळवण्याचं काम वेगळंच. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंधांची टांगती तलवार राहिल्यामुळे तिथल्या गाड्या कमी भावात सुटतात. गाडी वाईटच असते असं नाही, पण सगळा खर्च जोडल्यावर फरक किती उरतो ते कागदावर मांडा. बीएच नंबरची (राज्य बदललं तरी तोच नंबर चालणाऱ्या मालिकेतली) गाडी असेल आणि तुम्ही त्या मालिकेला पात्र नसाल तर इथला कर भरून साधा नंबर घ्यावा लागतो.

डीलरकडून घ्यावी की घरगुती?

डीलर जास्त पैसे घेतो, त्या बदल्यात कागदांचं काम आणि थोडी वॉरंटी देतो. वॉरंटीत काय धरलेलं नाही तेवढंच वाचा, ते जास्त उपयोगी. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी आरटीओच्या अधिकारपत्राचा नियम आहे, ते दाखवायला सांगा. घरगुती गाडी स्वस्त पडते, मालकाशी बोलता येतं, पार्किंग कुठे होतं ते दिसतं. मला दुसरा मार्ग आवडतो, पण तो सवड असलेल्यांचा आहे.

इसार किती द्यावा? रोख चालेल का?

पाच-दहा हजार पुरेत, आणि पावतीवर ‘कागदपत्रांत दोष आढळल्यास परत’ हे शब्द हवेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे. सगळी रक्कम बँकेतूनच द्या.

पितृपक्षात गाडी स्वस्त मिळते म्हणतात, खरं का?

गिऱ्हाईक कमी असतं, त्यामुळे विकणारा जरा नरमतो. दसऱ्याला तोच मालक हटून बसेल. तुम्हाला चालत असेल तर पितृपक्षात व्यवहार ठरवा आणि ताबा घटस्थापनेला घ्या. घरातली मोठी माणसंही खूश राहतात.

घेतल्यावर लगेच काय करायचं?

मागची बिलं काहीही सांगोत, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर बदला. ब्रेक ऑइल आणि कूलंट तपासून घ्या. बॅटरीवरची तारीख बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नवा मालक म्हणून स्वतःचा फोन नंबर नोंदवा. एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक असेल तर ती नावावर करून घ्यायची मुदत तिथेच विचारा. आणि दुसरी चावी ताबा घेतानाच मागा. ‘घरी राहिलीय, नंतर पाठवतो’ असं म्हणणाऱ्याचे नव्या चावीपुरते पैसे रोखून ठेवा.